हाताला कळणारा कचरा : शाळेच्या वर्गातील पुनर्चक्रीकरण

पुनर्चक्रीकरण म्हणजे वापरून झालेल्या वस्तूतील मूळ पदार्थ वेगळा काढून त्यापासून पुन्हा उपयोगाची वस्तू घडवणे. रद्दीचा लगदा होतो आणि लगद्याचा पुठ्ठा. पाण्याच्या बाटलीचे तुकडे धुऊन, वितळवून त्यांपासून पॉलिस्टरचे तंतू काढले जातात. तेलाचा डबा भट्टीत जाऊन पुन्हा पोलाद बनतो, केळीचे साल कुजून खत होते. ही व्याख्या आणि ही चार उदाहरणे चौथीतला मुलगाही पाठ करू शकतो. परीक्षेत त्यावर गुणही मिळतात, आणि तोच मुलगा मधल्या सुट्टीत बिस्किटाचे वेष्टन, अर्धी पोळी आणि फाटलेली वही एकाच टोपलीत टाकतो.

यात दोष मुलाचा नाही. पुनर्चक्रीकरण तीन गोष्टींवर उभे आहे : वर्गीकरण, पदार्थाचा स्वभाव आणि माणसाचे श्रम. कचरा वेगळा केलेला नसेल तर पुढचे काहीच घडत नाही. पदार्थाचा स्वभाव माहीत नसेल तर तो वेगळा करता येत नाही. आणि वेगळे करण्याचे काम कोणीतरी हातांनी करत असते. या तिन्ही गोष्टी वाचून कळतात त्याहून कितीतरी अधिक हाताळून कळतात. म्हणून हा विषय शाळेत शिकवायचा असेल तर फळा आणि पुस्तक यांच्या जोडीला तराजू, बादली, जाळी आणि कुंडी वर्गात यायला हवी.

पुनर्वापर वेगळा, पुनर्चक्रीकरण वेगळे

शाळांमधून ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या नावाने प्रदर्शने भरतात. बाटलीची फुलदाणी होते, जुन्या सीडीचे तोरण होते, आईस्क्रीमच्या काड्यांचे घर होते. हे काम मुलांच्या हाताला वळण लावते, पण ते पुनर्चक्रीकरण नव्हे. बाटली बाटलीच राहते, फक्त तिचे काम बदलते. हा पुनर्वापर झाला. त्याचा खरा कस लागतो तो वस्तू पुढे किती दिवस वापरात राहते यावर. बाटलीवर डिंक, चमकी आणि ऑइलपेंट चढवून ती आठवडाभरात पुन्हा टोपलीत गेली, तर तिचे नुकसानच झाले. स्वच्छ बाटलीला भंगारात भाव होता, रंगवलेल्या बाटलीला तो मिळत नाही. ही गोष्ट मुलांना आरंभीच सांगितली, तर प्रदर्शनासाठी वस्तू निवडताना ती आपोआप विचार करू लागतात.

पुनर्वापराची उत्तम उदाहरणे मराठी घरांत पूर्वीपासून आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी कित्येक वर्षे अंगावर राहते. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण कपड्यांना दुसरे घर मिळवून देते. दिवाळीतला किल्ला फुटक्या विटा, गोणपाट आणि अंगणातली माती यांवर उभा राहतो आणि सण सरल्यावर विटा विटांत, माती मातीत परत जाते. ‘तुमच्या लहानपणी घरातून काय काय बाहेर टाकले जायचे?’ हा प्रश्न आजी-आजोबांना विचारून उत्तरांची यादी करणे हा पहिली-दुसरीच्या मुलांनाही जमणारा उपक्रम आहे. आजच्या टोपलीतील वस्तू शेजारी लिहिल्या की दोन याद्यांमधला फरक मुलांच्या लगेच नजरेत भरतो : जुन्या यादीत वेष्टने जवळजवळ नसतात.

हाताने शिकण्याची परंपरा

कामातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली. उत्पादक हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा असावा आणि गणित, भूगोल, विज्ञान त्या कामाच्या ओघात यावे, हे तिचे सूत्र होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच शैक्षणिक साधने होती. महागडी साधने नसली तरी शिक्षण अडत नाही, हे या दोघींनी प्रत्यक्ष दाखवून दिले.

विज्ञानाच्या बाजूने हेच काम अरविंद गुप्ता यांनी केले. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले गुप्ता १९७० च्या दशकात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाकडे वळले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, घन, पिरॅमिड बनवण्याची त्यांची पद्धत देशभर पोहोचली. नंतर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि कचऱ्यातून बनणारी शेकडो खेळणी सर्वांसाठी मोफत खुली केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या खेळण्यांचे वैशिष्ट्य असे की ती मोडून पाहता येतात. मूल ती उघडते, पुन्हा जोडते आणि त्यातून वस्तू कशाची बनली आहे हे पाहण्याची सवय त्याला लागते. पुनर्चक्रीकरण शिकण्यासाठी हीच सवय सर्वात आधी लागते.

अशा शिक्षणाला कायदा आणि अभ्यासक्रम यांचाही आधार आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे, वरच्या वर्गांना कार्यानुभवाचे तास आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची शिफारस केली आहे. पुढे दिलेले उपक्रम या तासांत आणि या दिवसांत सहज बसतात.

पहिला उपक्रम : वर्गाच्या कचऱ्याचा जमाखर्च

सुरुवात वर्गातल्या टोपलीपासून करावी. आठवडाभर वर्गाचा कचरा टोपलीत न मिसळता पाच खोक्यांत जमा करायचा : कागद, कडक प्लॅस्टिक, वेष्टने व पातळ पिशव्या, खाण्याचे उरलेले, आणि इतर. शनिवारी जुनी वर्तमानपत्रे अंथरून प्रत्येक खोके रिकामे करायचे, हातमोजे घालून पाहायचे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे. खाण्याचे उरलेले मात्र रोजच्या रोज तोलून बाहेर काढावे, नाहीतर वास आणि चिलटे येतात.

वजनाशेजारी नगांची संख्या लिहिणे महत्त्वाचे. वेष्टने नगांनी पुष्कळ आणि वजनाने अगदी कमी भरतात. कागदाचे नेमके उलटे होते. हा आकडा मुलांना एक मोठी गोष्ट शिकवतो : भंगाराचा सगळा व्यवहार वजनावर चालतो, त्यामुळे हलकी वस्तू वेचणाऱ्याला परवडत नाही आणि ती मागे पडून राहते. कुठल्याही गावच्या नाल्यात वेष्टने साचलेली दिसतात याचे एक कारण असे वर्गातच हाती लागते.

याच आकड्यांवर गणिताचे तास होतात. पाचवीला स्तंभालेख, सातवीला शेकडेवारी, आठवीला सरासरी. एका वर्गाच्या आठवड्याच्या वजनावरून शाळेच्या वर्षाचा अंदाज काढता येतो. मग देशाच्या आकड्याकडे जावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार भारतातील शहरांत रोज सुमारे १ लाख ६० हजार टन घनकचरा निर्माण होत होता. आपल्या वर्गाची टोपली तोललेल्या मुलाला हा आकडा नुसता मोठा वाटत नाही, त्याचा अर्थ कळतो.

महिनाभराने हेच वजन पुन्हा करायचे. मधल्या काळात वर्गाने एखादा बदल ठरवलेला असावा, उदाहरणार्थ पाठकोऱ्या कागदांची वही शिवणे किंवा डब्यात वेष्टनातला खाऊ न आणणे. दुसऱ्या खेपेचा आकडा खाली आला, तर ते वर्गाचे स्वतःचे यश असते.

दुसरा उपक्रम : प्लॅस्टिकची पाण्यातील परीक्षा

सगळे प्लॅस्टिक एक नसते, हे समजणे वर्गीकरणाचा गाभा आहे. बाटल्या-डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो. ही खूण १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने सुरू केली. १ म्हणजे पेट, २ उच्च घनतेचे पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचे पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ इतर सर्व. खूण प्लॅस्टिकची जात सांगते, ते पुन्हा घडवले जाईलच अशी हमी देत नाही. मुलांनी घरातून वस्तू आणून त्यांचे अंक शोधणे ही या उपक्रमाची पहिली पायरी.

दुसरी पायरी बादलीतली. पाण्याची रिकामी बाटली घ्यावी. शिक्षकांनी तिच्या अंगाचे आणि झाकणाचे नखाएवढे तुकडे कापून द्यावेत. तुकडे पाण्यावर नुसते टाकले तर सगळेच तरंगल्यासारखे दिसतात, कारण पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण आणि चिकटलेले हवेचे बुडबुडे त्यांना धरून ठेवतात. म्हणून साबणाच्या पाण्याचा एक थेंब घालायचा आणि प्रत्येक तुकडा बोटाने तळाशी नेऊन सोडायचा. बाटलीच्या अंगाचा तुकडा तळाशीच राहतो, झाकणाचा तुकडा वर येतो. एकाच बाटलीचे दोन भाग दोन वेगळ्या पदार्थांचे आहेत, हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसते.

कारण घनतेत आहे. पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला १ ग्रॅम. झाकण पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते, त्यांची घनता ०.९० ते ०.९७ च्या दरम्यान. पेटची घनता सुमारे १.३८. मग पाण्यात मीठ विरघळवत जायचे. जुन्या सीडीची पारदर्शक कडक डबी पॉलिस्टायरीनची असते आणि तिची घनता १.०५ च्या आसपास. तिचा तुकडा साध्या पाण्यात बुडतो, पण पुरेसे मीठ पडले की सावकाश वर येतो. पेटचा तुकडा मात्र मिठाने संपृक्त झालेल्या पाण्यातही वर येत नाही, कारण त्या पाण्याची घनता १.२ च्या पुढे जात नाही.

पेट बाटल्यांच्या कारखान्यांत हीच रीत वापरतात. बाटल्यांचे तुकडे मोठ्या हौदातून नेतात, झाकणांचे तुकडे वरून निथळून घेतात आणि पेट तळातून. बादलीतला प्रयोग आणि कारखान्यातला हौद यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही.

वेष्टनांसाठी मुठीची परीक्षा आहे. वेष्टन मुठीत चुरगळून सोडायचे. कागद किंवा घरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळलेलीच राहते. वेफर्सचे चकचकीत वेष्टन मात्र पुन्हा उलगडू लागते, कारण ते मुळात प्लॅस्टिक असते आणि धातूचा त्यावर केवळ अतिशय पातळ थर असतो. असे थर एकमेकांपासून सुटे करणे अवघड आणि खर्चाचे असल्याने या वेष्टनांना भंगारात भाव मिळत नाही. डब्यांसाठी लोहचुंबक पुरते. पोलादी डबा त्याला चिकटतो, ॲल्युमिनियमचा कॅन चिकटत नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत जुने ॲल्युमिनियम वितळवण्यात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून कॅन भंगारवाला आनंदाने घेतो. प्लॅस्टिक जाळून वासावरून ओळखण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती वर्गात कधीही वापरू नये, कारण त्या धुरात विषारी वायू असतात.

तिसरा उपक्रम : रद्दीपासून कागद

सर्व उपक्रमांत मुले सर्वाधिक रमतात ती कागद बनवण्यात, आणि शिकण्यासारखेही त्यात पुष्कळ आहे. साहित्य साधे : वापरलेल्या वह्यांची पाने, बादली, पसरट टब, लाकडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेली डासांची जाळी, सुती कापडाचे तुकडे, स्पंज, दोन फळ्या आणि विटा.

पानांचे बोटभर तुकडे करून रात्रभर भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी खलबत्त्यात कुटून किंवा मिक्सरमध्ये भरपूर पाण्यासह फिरवून लगदा करायचा. टब निम्मा पाण्याने भरून त्यात एक-दोन भांडी लगदा ढवळायचा. पाणी पातळ ताकासारखे दिसले की प्रमाण जमले. आता चौकट टबाच्या कडेने तिरकी आत घालायची, तळाशी आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. वर येताना हलकेच पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे तंतू सगळ्या दिशांनी एकमेकांत अडकतात. पाणी निथळू द्यायचे. जाळीवर जो ओला थर राहतो, त्यात अजूनही बहुतांश पाणीच असते.

खरी कसोटी त्यानंतर. चौकट ओल्या सुती कापडावर उलटी टेकवायची, जाळीच्या पाठीवरून स्पंजने पाणी टिपायचे आणि चौकट एका कडेने उचलायची. थर कापडावर राहिला तर पान सुटले. जाळीला चिकटून आला तर पाणी टिपायचे राहिले, किंवा लगदा पातळ पडला. पहिली दोन-चार पाने बहुधा फाटतात. तो लगदा पुन्हा टबात जातो, वाया काही जात नाही. सुटलेली पाने कापडासह एकावर एक रचून फळ्यांमध्ये दाबायची, वर विटा ठेवायच्या आणि तासाभराने दोरीवर वाळत घालायची.

वाळलेल्या पानात डिंक नसतो, तरी ते एकसंध असते. कागदाचे तंतू सेल्युलोजचे असतात. पाणी उडून जाताना ते जवळ येतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. पाण्यात भिजवल्यावर कागद सुटतो तो हेच बंध सैल झाल्यामुळे. बंध जुळतात आणि सुटतात, म्हणूनच कागदाचे पुनर्चक्रीकरण शक्य होते. मात्र प्रत्येक फेरीत तंतू तुटून आखूड होत जातात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते नवा कागद धरण्याच्या लायकीचे राहत नाहीत. वर्गात बनवलेले पान पुन्हा भिजवून त्याचे दुसरे, मग तिसरे पान बनवले, तर पान प्रत्येक वेळी कमजोर होत जाते. सारख्या रुंदीच्या पट्ट्यांना लहान वजने टांगून हे मोजता येते.

आणखी तीन निरीक्षणे याच तासात होतात. पहिले, रद्दीचे आणि बनलेल्या कागदाचे वजन. बनलेला कागद कमी भरतो, कारण बारीक तंतू आणि कागदात मिसळलेली पांढरी भुकटी पाण्याबरोबर जाळीतून निघून जाते. पुनर्चक्रीकरणात थोडी घट नेहमीच येते. दुसरे, शाईची परीक्षा. नव्या पानावर शाईच्या पेनाने लिहिले की शाई पसरते. लगद्यात थोडी पातळ खळ मिसळून बनवलेल्या पानावर ती कमी पसरते. तिसरे, लॅमिनेट केलेला कार्यक्रमपत्रिकेचा कागद किंवा चहाचा कागदी कप लगद्यात घातला तर प्लॅस्टिकचे पापुद्रे वेगळे तरंगतात. कागदी म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू रद्दीत का चालत नाही, याचे उत्तर त्या पापुद्र्यांत असते.

ज्या शाळांना शक्य आहे त्यांनी हातकागदाचे काम मोठ्या प्रमाणावर कसे चालते हे दाखवावे. पुण्यात शिवाजीनगरला गांधीजींच्या प्रेरणेतून १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. तिथला कागद लाकडाच्या लगद्यापासून बनत नाही, सुती कापडाच्या चिंध्यांपासून बनतो. कापसाचे तंतू लांब आणि चिवट असल्याने तो टिकाऊ होतो. शिंप्याकडच्या चिंध्या कागदाचा कच्चा माल असतात, ही माहिती मुलांना थक्क करते.

चौथा उपक्रम : कुंडीतले खत

ओला कचरा निसर्ग स्वतःच पुन्हा वापरात आणतो, फक्त त्याला हवा आणि ओलावा लागतो. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकात भाज्यांची साले, देठ रोज निघतात. शाळेच्या आवारात वाळलेली पाने पडतात. बुडाला भोके असलेल्या मोठ्या कुंडीत तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर सुक्या पानांचा थर, मग चिरलेली साले, मूठभर जुने खत किंवा बागेतली माती आणि पुन्हा सुकी पाने, असे थर घालत जायचे. ओल्या थरापेक्षा सुका थर जाड ठेवावा. सुक्या पानांत कार्बन जास्त, सालांत नायट्रोजन जास्त. सूक्ष्मजीवांना साधारण तीस भाग कार्बन आणि एक भाग नायट्रोजन असे मिश्रण मानवते.

कुंडीशी मुलांचा रोजचा संबंध ठेवला तर ती बरेच शिकवते. घाण वास आला म्हणजे पाणी जास्त झाले आणि हवा संपली. सुकी पाने घालून खालीवर करावे. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडे पडले, पाणी शिंपडावे. साधारण दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचे खत मिळते. थरांची उंची दर आठवड्याला पट्टीने मोजली तर ती किती घटली हे आलेखावर दिसते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून माती घडवण्याचे आणि थोड्या जागेत भरघोस पीक घेण्याचे प्रयोग सामान्य माणसांपर्यंत नेले. शाळेची कुंडी त्याच वाटेवरची आहे. गणपतीतले निर्माल्य, दोरा आणि प्लॅस्टिक काढून, याच कुंडीत घालता येते.

याच्या जोडीला पुरून पाहण्याचा प्रयोग करावा. पाच कुंड्यांतील मातीत केळीचे साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा आणि बिस्किटाचे वेष्टन वेगवेगळे पुरायचे, माती ओलसर ठेवायची आणि सहा ते आठ आठवड्यांनी उकरायची. साल जवळजवळ नाहीसे झालेले असते, कागद लिबलिबीत, चिंधी डागाळलेली आणि विरलेली, आणि पिशवी व वेष्टन पुरले तसेच. पावसाळ्यात पुरले तर बदल लवकर दिसतो.

पाचवा उपक्रम : खडूचे तुकडे आणि विसर्जन

आठवी ते दहावीसाठी रसायनशास्त्राचा एक उपक्रम महाराष्ट्रातूनच मिळतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती पाण्यात विरघळत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय शोधला आणि पुणे महापालिकेने घरगुती विसर्जनासाठी तो नागरिकांपर्यंत पोहोचवला. प्लॅस्टरमधील कॅल्शियम सल्फेट आणि अमोनियम बायकार्बोनेट यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियम कार्बोनेटचा साका, अमोनियम सल्फेटचे द्रावण आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. अमोनियम सल्फेट हे खत आहे. पुरेसे पाणी मिसळून ते झाडांना देता येते.

वर्गात यासाठी मूर्ती लागत नाही, फळ्याजवळ साठलेले खडूचे तुकडे पुरतात. पुष्कळ खडू कॅल्शियम सल्फेटचेच असतात. आपला खडू कोणता हे ओळखण्यासाठी त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकायचा. फसफस झाली तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा, न झाली तर या प्रयोगाला योग्य. खडूची पूड बादलीभर पाण्यात घालून तिच्या वजनाइतकेच अमोनियम बायकार्बोनेट मिसळायचे, दिवसातून काही वेळा ढवळायचे आणि दोन-तीन दिवस ठेवायचे. अमोनियाचा वास येतो म्हणून बादली उघड्या हवेत ठेवावी. शेवटी साका गाळून, तीन-चार वेळा धुऊन त्यावर पुन्हा व्हिनेगर टाकायचे. आधी शांत असलेला पदार्थ आता फसफसतो. पदार्थ बदलला याचा पुरावा मुलांनी स्वतः मिळवलेला असतो.

श्रमाचा धडा

वरचे सगळे प्रयोग करूनही एक भाग राहतो : हे काम शहरात कोण करते? हा भाग गाळला तर पुनर्चक्रीकरण म्हणजे फक्त यंत्रे आणि रसायने असा समज होतो. भारतात कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक पुन्हा वापरात येते ते प्रामुख्याने कचरावेचक, फेरीवाले आणि भंगार दुकानदार यांच्या साखळीमुळे. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या कार्यकर्त्या प्राध्यापिकांनी तिची पायाभरणी केली. २००८ पासून याच कष्टकऱ्यांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये परिसर विकास हा कार्यक्रम कचरावेचक स्त्रियांसोबत सुरू केला. कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातल्या आहेत. हे काम त्यांच्याच वाट्याला का आले, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासात मोकळेपणाने चर्चेला यायला हवा.

परिसरातील कचरावेचक ताईंना शाळेत पाहुण्या म्हणून बोलवावे आणि त्यांच्या कामाचा मान राखून मानधन द्यावे. त्या कागदाचे, प्लॅस्टिकचे प्रकार नुसत्या स्पर्शाने आणि आवाजाने ओळखतात. मुलांनी वर्गात केलेले वर्गीकरण त्यांनी तपासावे आणि कुठे चुकले ते सांगावे. त्यानंतर भंगार दुकानाची भेट. पांढरा कागद, रंगीत कागद, पुठ्ठा, पेट, कडक प्लॅस्टिक, लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे यांचे त्या दिवसाचे दर मुलांनी लिहून घ्यावेत आणि आपल्या जमाखर्चाच्या वजनाला लावून पाहावेत. स्वच्छ, कोरडा, वेगळा केलेला माल आणि खरकटे लागलेला माल यांच्या भावातला फरक वर्गीकरणाचे महत्त्व दाखवून देतो.

काचा, सुया, सॅनिटरी नॅपकिन उघडे टाकले तर वेचणाऱ्या हाताला इजा होते. म्हणून काच जाड कागदात बांधून आणि नॅपकिन कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून द्यावे, हे वरच्या वर्गांतील मुलामुलींना एकत्र बसवून सांगावे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे किमान तीन भाग करणे बंधनकारक केले. या नियमामागची माणसे मुलांनी पाहिलेली असली की त्यांना तो ओझे वाटत नाही.

जवळपासच्या चांगल्या कामांच्या सहली काढाव्यात. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याची जुनी कचराभूमी आता लोक पाहायला येतात असे स्वच्छ ठिकाण झाली आहे. पणजीत महापालिकेने वसाहतींसाठी सोळा प्रकारांत वर्गीकरणाची पद्धत आणली.

काळजी आणि मूल्यमापन

उपक्रमांत काही बंधने पाळायलाच हवीत. कापणे, गरम करणे, मिक्सर चालवणे ही कामे मोठ्यांनी करावीत. मुलांनी रस्त्यावरचा किंवा दवाखान्याचा कचरा उचलू नये. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मोबाइल यांची मोडतोड वर्गात करू नये. त्यांत शिसे, पारा यांसारखे घातक धातू असू शकतात. ते फक्त वेगळे साठवून अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावेत. काम झाल्यावर साबणाने हात धुणे हा उपक्रमाचाच भाग मानावा.

मूल्यमापनासाठी व्याख्या विचारू नये, वस्तू द्यावी. मिठाईचा खोका हातात देऊन याचे काय करशील असे विचारले, तर शिकलेले मूल आतला चंदेरी कागद वेगळा करते, तुपाचा डाग पडलेला भाग फाडून बाजूला ठेवते आणि उरलेला पुठ्ठा घडी करून रद्दीत देते. त्याही पुढे जाऊन खोक्याशिवाय डब्यात मिठाई आणता आली असती का, असे ते विचारते. घट येते, तंतू आखूड होतात, वेष्टनांना भाव मिळत नाही, हे सगळे त्याने पाहिलेले असते. म्हणून कमी वापरणे पहिले, पुन्हा वापरणे दुसरे आणि पुनर्चक्रीकरण तिसरे, हा क्रम त्याला पाठ करावा लागत नाही.

शाळेच्या हाती सगळे नाही, हेही मोठ्या मुलांनी समजून घ्यावे. वेष्टन कशाचे असावे हे उत्पादक ठरवतो. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या काही वस्तू बंद केल्या, आणि वेष्टनांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली. मुलांनी गोळा केलेली वेष्टने कंपन्यांनुसार मोजून त्या कंपन्यांना पत्र लिहिणे हा भाषेच्या तासाचा उत्तम उपक्रम ठरतो. नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला आपल्या वर्गाचे आकडे कळवणे हा दुसरा. आकडे मुलांनी स्वतः मोजलेले असल्याने पत्रातले प्रत्येक वाक्य त्यांना ठामपणे लिहिता येते, आणि असे ठाम, माहितीवर आधारलेले मागणे मागता येणे हेच या शिक्षणाचे मोठे फळ आहे.